हूक बदलणारे मिस्त्री

खालापूरच्या आमच्या कारखान्यातलं भरतकामाचं मशीन अडलं की जवळच्या चौक गावाहून मिस्त्री येतात. येतात तेच मान हलवत. मग डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकतात आणि झिजलेल्या भागावरून अंगठ्याचं नख फिरवतात. काम होईपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत.

त्या दिवशी धागा सारखा तुटत होता. पांढऱ्या कापडावर डाग पडतील या भीतीने मी आठवडाभर तेलच दिलं नव्हतं, त्यामुळे बॉबिनभोवती फिरणारा हूक कोरडा पडून झिजला होता. आठवीत शाळा सोडून परभणीहून इतक्या लांब आलो आणि आता हे काम जाणार, असंच वाटलं.

"चूक कुणाची?" शेठनी विचारलं.

"याचीच," मिस्त्री माझ्याकडे बोट करून म्हणाले. "म्हणून नवा हूकबी हाच बसवंल. ये रं! तेलाचं भ्या वाटतं, तर तूप लावायचं होतंस."

स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन ते बाजूला उभे राहिले. सुईशी हूकचं टोक जुळवायला मला तासभर लागला. त्यांनी बोटही लावलं नाही. पहिलं फूल धागा न तुटता भरून झालं, तेव्हा ते शेठना म्हणाले,

"पुढच्या खेपेला हूकासाठी मला बोलवू नका. हा हाय ना."