दोन पळ्या तर्री

“मावशी, तुमची दोन पळ्या तर्री तिकडं टाका,” दिगांबरराव कानाशी येऊन म्हणाले. आसेगावात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. तिकडं म्हणजे केनवडच्या वंदनाच्या पातेल्यात.

मी चाळीस वर्षं लग्नांत मटण शिजवते. तर्री म्हणजे रश्श्यावर चढलेलं लाल तेल. त्यात मसाला असतो, तशी बकऱ्याची चरबीही असते.

नवरी स्वाती जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. तिनं मटण सोडलेलं. “जिले सकाळी सलाइन लावली, तिले दुपारी कशी खाऊ?” असं तिनं बापाला विचारलं होतं. लग्नात बकरा नको, हा तिचा हट्ट. बापानं अर्धं ऐकलं. पाहुण्यांना माझं मटण, तिला आणि मटण न खाणाऱ्यांना वंदनाचा सोयाबीन वड्यांचा रस्सा.

सकाळपासून ती बाई मला खुपत होती. तिचा नवा झारा, तिचा अ‍ॅप्रन. नवरी दोनदा मंडपामागं आली. दोन्ही वेळा तिच्याच पातेल्याशी थांबली.

वड्या उकळून, गार पाण्यात टाकून, दाबून पिळाव्या लागतात. नाहीतर कच्चा वास राहतो. वंदनानं तीनदा पिळल्या होत्या. चूक शोधायला मी दोन चकरा मारल्या. तेल कमी पडलं होतं, तेवढंच. रस्सा फिका दिसत होता. व्याह्यांच्या पानातही तो थोडा वाढायचा होता; ते नावं ठेवतील, ही दिगांबररावांना भीती.

“कोणाले समजते?” ते म्हणाले.

“टाका ना मावशी,” वंदना खाली पाहून म्हणाली. “आता वेळ नाही.”

“नाही टाकत.”

“काहून?” दिगांबरराव चिडले.

“तर्री माही हाये. तिच्या पातेल्यात नाही जात.”

“लग्न माह्या पोरीचं हाये, मावशी!”

“मंग मटणही तुमीच वाढा. मी चालली घरी.”

ते पाय आपटत मंडपाकडं गेले. खरं सांगते, पोरीचा नेम माझ्या डोक्यातही नव्हता. माझ्या चवीवर वंदनाचं नाव होईल, हेच डोक्यात होतं.

मी तिला म्हटलं, “पाहून काय राह्यली? तेल तापव, गॅस बंद कर, मंग तिखट टाक. जळलं तर तुह्यं नशीब.”

जळेल असं मला वाटलं होतं. जळलं नाही.

रस्सा लालभडक झाला. व्याह्यांनी वड्या पुन्हा मागितल्या. माझ्या पातेल्यात मटण उरलं. असं कधी झालं नव्हतं.

जेवणं आटोपल्यावर स्वातीनं आम्हा दोघींना साड्या दिल्या. मी तर्री टाकली नाही, एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती माझ्या पाया पडली. “मावशी, तुमी माहा शब्द राखला. बाबाचंही ऐकलं नाही.”

वंदना पदराआड हसली. तिला खरं कारण माहीत होतं. मी साडी घेतली आणि पिशवीत टाकली.

पुढं स्वातीच्या मुलाचं बारसं झालं. ऑर्डर वंदनाला गेली. मला जेवायचं आमंत्रण आलं. शाबासकी आणि ऑर्डर एकाच घरातून निघतात, पण एकाच बाईकडं येतील असं नाही.