गिऱ्हाईकाला गिऱ्हाईक लागतं

दुकानात गर्दी असते तेव्हा किस्से घडत नाहीत. घडत असतील, पण बघायला वेळ कोणाला असतो? किस्से साठतात ते रिकाम्या दुकानात, झेरॉक्स मशीनवरच्या धुळीसारखे. सकाळी पुसावेत, संध्याकाळी परत तेवढेच. बायको म्हणते, तुमच्या किश्श्यांतले अर्धे खोटे असतात. मी म्हणतो, कोणते अर्धे ते सांग. अजून तरी तिला सांगता आलेलं नाही.

आमची गल्ली कल्याण पश्चिमेला, कॉलेजच्या मागच्या गेटसमोर. दुकानं तीन. माझं झेरॉक्सचं, शेजारी करंदीकर काकांचं जुन्या-नव्या पुस्तकांचं आणि कोपऱ्यावर आप्पा पेडणेकरची परमिट रूम. एके काळी परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी रांग गेटपर्यंत जायची. मग नोट्स मोबाइलवर आल्या, पुस्तकं घरपोच यायला लागली, आणि आप्पाची गिऱ्हाइकं हायवेवरच्या एसी बारमध्ये जाऊन बसली. दुपारी चार वाजता गल्लीत आम्ही तिघं आणि एक कुत्रा. पुढे कुत्र्यानेही जागा बदलली.

*

यावर उपाय काढला करंदीकर काकांनी. सत्तरी ओलांडलेला माणूस, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं छापील. मला म्हणाले, "दिगंबर, रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही. गिऱ्हाईकाला गिऱ्हाईक लागतं."

म्हणून नियम ठरला. रोज चार वाजता ज्याचं दुकान रिकामं असेल, त्याच्याकडे बाकीच्या दोघांनी गिऱ्हाईक बनून उभं राहायचं. ओळख दाखवायची नाही. तिघांचीही दुकानं रिकामी असतील तर पाळी लावायची.

पाळी रोज लावावी लागली.

*

माझ्याकडे यायचे तेव्हा काका कोरा कागद आणायचे. माझा टोनर फुकट जाऊ नये म्हणून. काउंटरवर ठेवून म्हणायचे, "एक कॉपी."

मी विचारायचो, "बॅक टू बॅक?"

"हो."

एकदा मागे खरीखुरी मुलगी येऊन उभी. मशीनमधून दोन्ही बाजूंनी कोरा कागद बाहेर आलेला तिने पाहिला. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, हे कुठल्या विषयाचं? काकांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "तत्त्वज्ञान."

दुसऱ्या दिवशी तत्त्वज्ञानाची दोन मुलं 'कालच्या त्या नोट्स' मागायला आली. देवाशपथ! मी दिल्या.

*

आप्पाकडची ड्यूटी काकांना अवघड जायची, कारण आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आप्पा त्यांना खिडकीजवळ बसवायचा आणि व्हिस्कीच्या ग्लासात आल्याचा कोरा चहा द्यायचा. रंग तोच.

एक दिवस कॉलेजच्या रिटायर्ड हेडक्लार्कने रस्त्यावरून ते दृश्य पाहिलं. आत आला, समोर बसला, काकांचा हात हातात घेतला. वहिनी गेल्यापासून तुम्ही एकटे पडलात, पण हा मार्ग नव्हे, वगैरे समजावायला लागला. नियम म्हणजे नियम, काका ग्लासातून घोट घेत राहिले. समजावता समजावता हेडक्लार्कने स्वतःसाठी एक मागवला. मग दुसरा. तिसऱ्याला तो स्वतःच्या बायकोच्या आठवणीने रडायला लागला, जी घरी त्याची वाट बघत होती.

काकांनी त्याला रिक्षात घालून घरी सोडलं. त्या बाईंनी दार उघडलं, नवऱ्याकडे बघितलं, मग काकांकडे. म्हणाल्या, "यांना लावलीत तुम्हीच ना?"

काकांच्या तोंडाला फक्त आल्याचा वास येत होता.

*

आप्पा शाळेनंतर वर्तमानपत्रापलीकडे गेलेला नव्हता. काकांच्या दुकानात उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं, म्हणून त्याने एक जाड रहस्यकथा उचलली. रोज पंधरा मिनिटं उभ्याने वाचायची, पानाचा कोपरा दुमडायचा, परत ठेवायची. असे चार महिने गेले. शेवटची तीस पानं उरली असताना एक खरं गिऱ्हाईक आलं आणि नेमकं तेच पुस्तक घेऊन गेलं.

आप्पाचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा. म्हणाला, "दिगू, खून कोणी केल्यान ता माका कळाक नको?"

त्याने बिलावरचा पत्ता काढला. पत्ता टिटवाळ्याचा, नव्या बिल्डिंगमधला. स्कूटरला किक मारली आणि गेला. त्या घरच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून त्याने तीस पानं वाचली. घरच्यांनी पोहे दिले, म्हणे दुसऱ्यांदाही वाढले. निघताना त्या माणसाने विचारलं, खुनी कोण ते सांगा, म्हणजे मला वाचायला नको.

आप्पाने नाही सांगितलं. मलाही आजतागायत सांगितलेलं नाही.

*

काकांचा मुलगा मिलिंद वर्तकनगरला राहतो. चांगला मुलगा. दर रविवारी फोन करायचा की बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या. काका दर रविवारी सांगायचे की दुकान जोरात आहे. शेवटी तो म्हणाला, शनिवारी चार वाजता येऊन बघतो. गिऱ्हाईक दिसलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसलं तर त्याच दिवशी कुलूप.

काका आमच्याकडे आले तेव्हा इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण चुकलेलं होतं. मी म्हटलं, काका, मुलाकडे नातवंडं आहेत, आराम आहे. ते म्हणाले, "तिथे सगळे सकाळी आठला बाहेर पडतात रे. मग भिंती. इथे निदान चार वाजता कोणीतरी येतं."

ते कोणीतरी म्हणजे मी आणि आप्पा.

मग आम्ही कंबर कसली. आप्पाने आपले तीन वेटर आणले, रात्री नेहमी येणारे दोन बेवडे आंघोळ घालून आणले. मी तत्त्वज्ञानवाली मुलं बोलावली, माझी बायको, मेहुणी आणि मेहुणीची अख्खी भिशी. तो हेडक्लार्कसुद्धा आला, सपत्नीक. दहा फुटांच्या दुकानात एकोणीस गिऱ्हाइकं! श्वास आळीपाळीने घ्यावा लागत होता.

चार वाजले, मिलिंदचा पत्ता नाही. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. दीड तास. एकोणीस माणसं दीड तास पुस्तकं घेऊन उभी. माणूस किती वेळ नुसतं धरणार, हळूहळू सगळे वाचायलाच लागले. बेवड्यांपैकी एकाने डोळे पुसले. भिशीत कवितेवरून भांडण लागलं.

साडेपाचला मिलिंद आला. दारातून आत शिरता येईना. खांद्यांवरून बघितलं तर काका घामाघूम, एकाला पिशवी देतायत, दुसऱ्याला स्टुलावर चढून पुस्तक काढून देतायत. तीन-चार वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मिलिंदचे डोळे भरून आले. गर्दीतून वाट काढत तो पुढे गेला, बापाला स्टुलावरून हळूच खाली उतरवलं आणि म्हणाला, "बाबा, एवढी गर्दी या वयात तुम्हाला झेपायची नाही. चला."

आम्ही एकोणीस जण पुस्तकं धरून उभे.

*

ते शटर बंद झाल्यावरही मी आणि आप्पा काही दिवस चार वाजता तिथे जाऊन उभे राहायचो. सवय. मग शिमग्यासाठी आप्पा गावी गेला. जाताना बजावून गेला की माझी पाळी लावून ठेव.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे चार. गल्लीत मी एकटा, मशीन बंद. समोरून काका चालत आले. वर्तकनगरहून, दोन बस बदलून. शर्ट इस्त्रीचा, केसांवर रस्त्याची धूळ. मी उठून "काका" म्हणणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहतात.

खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

"एक कॉपी."

मी मशीन चालू केलं. गरम व्हायला वेळ लागतो.

"बॅक टू बॅक?"

"हो," काका म्हणाले, "आणि सावकाश होऊ दे. मला पाचपर्यंत वेळ आहे."