रंगलेल्या हातांनी सांत्वन

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी एका शोकाकुल घरी नवरीसारखे रंगलेले हात घेऊन गेलो होतो.

त्याला कारण माझे रसायनशास्त्र. माझे वडील, अप्पा, यांच्या तळपायांची फार आग होत होती. चिखल्याच्या आमच्या घराला कुंपणच मेंदीचे आहे. तेव्हा तिच्या पानांतले लॉसोन हे द्रव्य त्वचेतल्या केराटिनला कसे बिलगते, मेंदी बुरशीला कशी आवरते, दाह कसा शमवते, यावर मी त्यांना सविस्तर व्याख्यान दिले आणि वाटलेला पाला त्यांच्या पायांना चोळला. (हातमोज्यांशिवाय प्रयोग करू नका, असे मी वर्गात अख्खी नोकरी बजावत आलो आहे.) लेप वाळेपर्यंत त्यांचे पाय धरून बसलो. व्याख्यानाने अप्पांना झोप लागली. खेदाने नमूद करतो, मलाही लागली.

जाग आली तेव्हा अप्पांची आग शमली होती आणि माझे तळवे नारिंगी रंगाने पेटले होते.

"उद्या तलासरीला जायचंय ना रे?" अप्पा हळूच म्हणाले.

त्यांचे बालमित्र शंकरकाका यांची पत्नी नुकतीच वारली होती. काका कोणाशी बोलत नव्हते, अन्नाला शिवत नव्हते. त्यांना दोन घास भरवावेत, एवढीच अप्पांची इच्छा होती. आणि अप्पांना नेणारा मी.

आम्लाने रंग कसा उतरतो, हे अप्पांना समजावत मी लिंबू चोळले. नारिंगी तळवे लाल झाले. मग ऊन पाण्यात बुडवले. लालाचे तपकिरी झाले. माझी पत्नी सुधा दारातून पाहत होती.

"लिंबू कशाला लावताय?"

"रंग जावा म्हणून."

"बायका चढावा म्हणून लावतात."

"आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही समजावून सांगत होतात. मध्ये कसं बोलू?"

तलासरीत मी हात खिशात घालूनच पोहोचलो; पण नमस्काराला ते काढावेच लागले. बसलेली मंडळी माझ्या तळव्यांकडे पाहतच राहिली. काकांनी माझे मनगट धरून हात उलटसुलट पाहिला.

"पोऱ्या, परत लगीन करतोस का काय?"

"नाही काका. अप्पांच्या पायांना लावत होतो. चुकलं माझं."

अप्पांनी मोजे काढून पुरावा सादर केला. काका हसले, हसता हसता रडले.

"हिच्या हाताला कधी असा रंग चढलाच नाही. म्हणायची, तुमची माया कमी."

मग ते बराच वेळ काकूंविषयी बोलत राहिले, आणि अप्पा डब्यातला भात कालवून त्यांना भरवत राहिले.

घरी येऊन सारे सुधाला सांगितले. तिने आपला कोरा तळवा माझ्या तळव्याशेजारी ठेवला.

"काकूंचं खरं धरलं, तर तुमची माया कोणावर आहे ते दिसतंच आहे."

लॉसोन आणि केराटिन पुन्हा समजावण्यासाठी मी तोंड उघडले, मिटले, आणि पाला तोडायला कुंपणाकडे गेलो. सुधाच्या हातांना मेंदी लावली, तीही हातमोजे घालून. माझी स्वतःवरची माया आहे तेवढी पुरे आहे.