मिरजेच्या फांदीखालचे सर

सातारा-सांगली भागातला सगळ्यात भित्रा माणूस शोधायला कुणी निघालं असतं, तर त्याला फार हिंडावं लागलं नसतं. तो आमच्याच शाळेत पी.टी. शिकवत होता. गळ्यात शिट्टी, अंगात निळा ट्रॅकसूट आणि डोक्यावर हेल्मेट. इतर माणसं स्कूटरवरून उतरली की हेल्मेट काढतात. आमचे सर स्कूटर स्टँडला लावून, मैदानात शिरण्याआधी हेल्मेटचा पट्टा घट्ट करत. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, स्कूटर माझ्या ताब्यात असती. पोरांचा बॉल कुणाच्या ताब्यात असतोय?" मी मराठी शिकवते, माझा बॉलशी संबंध नाही, पण त्या दिवसापासून मैदान ओलांडताना मीही डोक्यावर पर्स धरायला लागले.

आता आमचं गाव कसलं, तर शिराळ्याच्या अलीकडचं, चहूबाजूंनी ऊस आणि घरटी एक माणूस फौजेत. इथली पोरं चालायला शिकतात ती बांधावरून उड्या मारतच. आणि सर मूळचे कवठे महांकाळकडचे. त्यांचं म्हणणं असं, की भित्रेपणा त्यांच्यात नाही, तो आमच्या झाडांमुळे आला. "आमच्याकडं बाभळी. बाभळीवर कोण चढतंय? तुमच्याकडं आंबा, चिच, जांभळ, सगळी चढायचीच झाडं. माणसानं भ्यावं न्हाई तर काय करावं?" या माणसाची आयुष्यात इच्छा एकच होती, आणि ती ते नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी चहासोबत ऐकवत. आपल्या हाताखाली एकाही पोराचं हाड मोडू नये आणि तसंच रिटायर व्हावं. आजवर एकही मोडलं नव्हतं. उरलं होतं ते शेवटचं वर्ष, आणि त्या वर्षात सर मैदानावर असे वावरत, जणू सगळ्या गावाची काचेची भांडी तिथे मांडून ठेवली आहेत.

त्यांनी केलेल्या सुधारणा सांगायला बसले तर तास पुरणार नाही. कबड्डीच्या मैदानावर पोरांचे गुडघे फुटतात म्हणून त्यांनी वखारीतून ट्रॉलीभर लाकडाचा भुसा आणून पसरला. तालुक्याच्या सामन्याला आमचा पहिला गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढाईला गेला, मध्यरेषा ओलांडली आणि शिंकला. दम तुटला, गडी बाद. दुसरा शिंकला, तिसरा शिंकला. समोरचा संघही शिंकत होता, पण तो शिंकायला आपल्या अंगणात उभा होता. आमचा संपूर्ण संघ एकाही पकडीशिवाय हरला आणि सर मात्र जिंकल्यासारखे घरी गेले, कारण कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. खो-खोच्या खांबांना त्यांनी बायकोकडून शिवून घेतलेल्या वाकळा गुंडाळल्या. मुली त्यांना टेकून डुलक्या काढत. लंगडीत तर दमल्यास दुसरा पाय टेकवायची परवानगी होती. "मग सर, त्याला चालणं म्हणतात," असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मला मराठीपुरतं बघायला सांगितलं.

पण त्यांचं खरं हत्यार होतं एक शब्द. आमच्या भागात हाड मोडलं की माणसाला मिरजेला नेतात. तिथे जितके दवाखाने तितकी आमच्याकडे हाडं नसतील. त्यामुळे दुसरा कुणी "सांभाळून" म्हणेल तिथे सर "मिरज" म्हणत. पोर भिंतीवर चढलं, "मिरज." दोघं एका सायकलवर बसले, "मिरज." आणि चिंचेवर कुणी दिसलं की मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून, हेल्मेटच्या आतून घुमत, "मिऽऽऽरज." आवाज असा की ऑफिसातले मुख्याध्यापक चहाची बशी सांडत. पालकांचा मारा दोन्हीकडून असे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एखादी आई पोराच्या कोपराचा फोटो टाकून शाळेत काय चाललंय म्हणून विचारी, आणि त्याच दिवशी आमचे रिटायर सुभेदार गेटवर येऊन सरांना दम भरत. "मास्तर, आमच्या तनुजाला जरा आपटू द्या. भरतीला जायाचंय तिला. वाकळंवर झोपवून भरती हुती व्हय?" सर दोघांचंही ऐकून घेत आणि भुशावर आणखी भुसा टाकत.

या सगळ्याचा जो परिणाम व्हायचा तो झालाच. पोरांना सरांचा तो ओरडा आवडायला लागला. मैदानाच्या कडेला शाळेची जुनी चिंच आहे; तिच्या खालच्या फांदीला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. आधी पोरं त्या चिंचेवर चिंचांसाठी चढायची. सर आल्यापासून ती सरांसाठी चढायला लागली. कुणाला किती जोरात "मिरज" मिळाली यावर हुशारी ठरे. पुढे त्यांनी फांद्यांना गावंच देऊन टाकली, एस.टी.नं मिरजेला जाताना लागतात तशी. घंटेची फांदी म्हणजे पेठ, त्यावरची आष्टा, मग सांगली, आणि शेंड्याजवळची बारीक बेचकी म्हणजे मिरज. "आज कुठवर गेलतास?" "आष्ट्याला हात लावून आलो गड्या." मिरजेला कुणीच पोचलं नव्हतं, कारण सांगलीला पाय ठेवला की खालून असा ओरडा यायचा की चढणारा हसून हसूनच खाली घसरे. थोडक्यात, पोरांना झाडावर चढवणारा माणूस गावात एकच होता आणि तोच पोरांना उतरवण्यासाठी जिवाचं रान करत होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भीतीनेच गेले असते.

एक मात्र होतं. शाळा समितीत कुणीतरी सुचवलं, की खालच्या फांद्या छाटून टाकू, म्हणजे कटकटच नको. मला वाटलं, सर आता पेढे वाटणार. सर उठून उभे राहिले, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "झाडाची हाडं मोडायची न्हाईत. मी हाय की खाली." तो विषय तिथेच संपला. इतकी वर्षं त्यांनी चढल्याबद्दल एकाही पोराला छडी लावली नाही, घरी चिठ्ठी पाठवली नाही. नुसतं खाली उभं राहून घाबरायचं, एवढंच.

फेब्रुवारीत चिंचा पिकल्या. मधल्या सुट्टीत सर मुख्याध्यापकांकडे निरोप समारंभाचं बोलायला गेले होते, आणि आठवीतल्या तनुजाने, सुभेदारांच्या त्या नातीने, ठरवलं की सर जायच्या आत त्यांना एक खरीखुरी मिरज दाखवायची. पेठ, आष्टा, सांगली करत ती सरळ शेंड्याच्या बेचकीत जाऊन बसली. खाली सगळी शाळा जमली. सर ऑफिसातून आले, हेल्मेट घातलं, वर बघितलं आणि तोंड उघडलं. सगळी पोरं कानांवर हात ठेवून तयार. पण आवाज आलाच नाही. सरांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ओरडलो आणि ती दचकली तर काय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

वरून तनुजा म्हणाली, "सर, वरडा की."

 ती पुन्हा म्हणाली, "सर, मिरज हाय ही. वरडा की वं." आणि मग तिचा आवाज बदलला.  इतके दिवस भ्यायचं सगळं काम सरांकडे होतं. पोरांना त्यातलं काही करावंच लागत नव्हतं. सर गप्प झाले आणि बिचारीवर स्वतःचं स्वतः भ्यायची वेळ आली. तिने डोळे मिटले, फांदीला मिठी मारली आणि "मला उतराय येत न्हाई" म्हणून रडायला लागली.

शिडी आणायला कुणी धावलं. सरांनी वाट पाहिली नाही. त्यांनी बूट काढले, ते शिस्तीत शेजारी-शेजारी ठेवले, आणि ज्या माणसाला मी व्हरांड्याच्या पायऱ्याही कठडा धरून उतरताना पाहिलं होतं, तो माणूस चिंचेवर चढायला लागला. चढताना ते स्वतःलाच बजावत होते, हळू आवाजात, "मिरज, मिरज, मिरज." पेठ गेली, आष्टा गेला. तो जप वर ऐकू गेला आणि तनुजाने डोळे उघडले. हेल्मेट घातलेलं, घामाघूम झालेलं ते ध्यान आपल्याकडे येताना बघून तिला हसू फुटलं, आणि तिची भीती गेली ती गेलीच. सरांनी सांगलीवर पाय ठेवला, तिच्याकडे बघून म्हणाले, "भिऊ नगंस, मी आलोय." आणि मग त्यांनी खाली बघितलं.

पुढचा प्रसंग आमच्या गावात अजून सांगतात. सर सांगलीवर खिळले. ना वर, ना खाली. तेव्हा तनुजाच त्यांच्या बाजूने खाली सरकली आणि त्यांना उतरवायला लागली. "सर, माझ्याकडं बघा. डावा पाय आष्ट्याला. आवं तो उजवा. हां. आता हात सोडा सांगलीचा." खाली सगळी शाळा चिडीचूप. "सर, पेठ आली. आता बसा हितं." सर पेठेवर बसले. जमीन हाताच्या अंतरावर, शिडीही येऊन टेकलेली. पण एकदाचा सुटलो या आनंदात त्यांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची उडी मारली. पडले ते हातावर. काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि त्या शांततेत पाचवीतलं एक पोरगं अगदी हळू म्हणालं, "मिरज."

सुभेदारांनीच आपल्या जीपमधून सरांना नेलं. तंतुवाद्यांच्या त्या मिरजेहून माणसं तंबोरा घेऊन येतात. सर तसाच हात छातीशी धरून प्लास्टर घेऊन आले. मी भेटायला गेले तर चेहऱ्यावर दुःखाचा पत्ता नाही. "मॅडम, विद्यार्थ्याचं हाड न्हाई न्हवं? मग झालं तर. माझं रेकॉर्ड शाबूत हाय." निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. हारतुरे झाल्यावर प्लास्टरचा हात उचलून ते पोरांना एवढंच म्हणाले, "बघून घ्या." पोरं हसली. तनुजा हसली नाही. मीही नाही.

आता आमच्याकडे नवे पी.टी.चे सर आहेत. तरुण, तरतरीत, भरपूर प्रमाणपत्रांचे. त्यांनी भुसा काढला, वाकळा काढल्या आणि पालकांच्या सभेत मुलांनी धोका पत्करायला कसं शिकलं पाहिजे यावर पडद्यावर चित्रं दाखवून भाषण दिलं. बोलले ते खरंच चांगलं होतं. ते चिंचेखाली उभे राहून स्वतःच म्हणतात, "चढा, चढा, काही होत नाही." आणि चिंचेवर कुणी चढत नाही. चिंचा पिकून गळतात, गायी खातात. मी तनुजाला विचारलं, तर म्हणाली, "बाई, खाली कुणी भ्याय नगं? त्याबिगार वर जाऊन काय करू?"

सरांच्या मुलाने फ्लॅट घेतला तो नेमका मिरजेत. मधल्या सुट्टीत अधूनमधून त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली येतो. "मॅडम, सगळी खाली हायती न्हवं?" मी म्हणते, हो सर, सगळी खाली आहेत. मग ते पुन्हा विचारतात, "एकबी वर न्हाई?" "एकही नाही." "बरं हाय मग," असं म्हणतात, पण त्यात बरं काही नसतं. फोन ठेवल्यावर मला करमत नाही.

परवा फोन आला तेव्हा मी चिंचेखालीच होते आणि तनुजा माझ्या शेजारी उभी होती. सरांनी नेहमीचं विचारलं. काय मनात आलं कोण जाणे, मी म्हणाले, "नाही हो सर. तनुजा आष्टा सोडून सांगलीकडं निघालीय." मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मिरजेतल्या कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावरून, आमच्या अख्ख्या मैदानावर, ती जुनी, लांबच लांब "मिऽऽऽरज" आली. खेळणारी पोरं जागच्या जागी थांबली. तनुजाने माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या, सरांसारख्याच शेजारी-शेजारी ठेवल्या आणि पेठेला हात घातला. मागून बाकीची धावत आली. सर ओरडतच होते, आणि मी फोन डोक्यावर उंच धरून उभी होते. हात भरून आला तरी खाली घेववेना.