डब्याच्या गाडीचा पिवळा दिवा

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमचं घर पडलं नाही, पण आईची झोप गेली ती गेलीच. रोज दिवेलागणीला ती फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचायची. जमीन हलली की पेले पडणार आणि आपण बाहेर पळणार! गावात घरोघरी हेच. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला तरी खणखणाट व्हायचा आणि आम्ही पोरं गोधडीसकट अंगणात. लग्नानंतर लातुरात मीही पेले रचत राहिले. आमचे हे हसायचे. "भूकंपाची बाई हाय ही," म्हणून पाहुण्यांना सांगायचे.

आमची खानावळ. शिकवणीला आलेल्या पोरींना खोल्यांवर डबे पोचवायला डिझेलची पिकअप घेतली. दिवसभर ती या गल्लीतून त्या गल्लीत, निम्मा वेळ जागेवरच घुरघुरत. एक दिवस पिवळा दिवा लागला. शोरूमच्या माणसानं सांगितलं, धुराची जाळी तुंबलीय, गाडी जरा लांब रस्त्यावर पळवा, जाळीतली काजळी आतल्या आत जळून साफ होते. पण डबे सोडून लांब जाणार कोण? दिवा तसाच राहिला आणि गाडी ओढ धरीना.

त्यात लेकीची मेडिकलची परीक्षा आली, केंद्र नांदेडला. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. "घरची गाडी असून?" यांना राग आला. आदल्या दिवशी हे गाडीला लॅपटॉप जोडून दिवे घालवणाऱ्या कुणाकडं जाऊन आले. दिवा गायब! इंजिन स्वतःला तपासतं ते तपासणंच बंद करून आणलेलं. "आता वाटंत कटकट न्हाई बग," म्हणाले, लई खुशीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, पेले काढून ठेवले म्हणून भूकंप यायचा थांबतो का? "झालं हिचं सुरू," म्हणून हे अंघोळीला निघून गेले.

सकाळी निघालो. लेक मधे बसून ओठातल्या ओठात सूत्रं म्हणत होती. दीडला गेट बंद होणार, मग कुणाचा बाप आला तरी आत घेत नाहीत. चाकूर गेलं. मला बसवेना. दिवा असता तर त्याच्याकडं बघून शिव्या तरी घातल्या असत्या. आता बघू कशाकडं? समोर सगळं छान छान, आणि मला जळका वास. "वास येतोय," म्हटलं. "तुझ्या नाकात," हे म्हणाले. अहमदपूर ओलांडलं, चढ लागला, आणि गाडी धापा टाकत बसलीच. काही केल्या सुरू होईना.

लेकीनं घड्याळ बघितलं आणि पांढरीफटक पडली. दोन वर्षं पोरगी धड झोपली नव्हती, या एका पेपरासाठी. यांनी शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, तपासणी चालू असती तर जाळी तुंबलीय हे इंजिनाला कळलं असतं, आणि एवढ्या लांबच्या रस्त्यात जाळी आपली आपण साफ झाली असती की! म्हणजे नांदेडला जाणं हेच त्या दिव्याचं औषध होतं. एसटीला हात केला, गच्च भरलेली, थांबली नाही. जीपही गेली.

तेवढ्यात पुढं गेलेली एक ट्रॅव्हलर करकचून थांबली. खिडकीतून पोरी ओरडल्या, "काकू! आपली डब्याची गाडी इथं कशी?" आमच्याच खानावळीच्या पोरी, त्याच परीक्षेला निघालेल्या. मी तोंड उघडायच्या आत एकीनं लेकीला दंडाला धरून वर ओढलं आणि मांडीवर बसवून घेतलं. "ड्रायव्हरदादा, पोचल्यावर फोन करा हो!" एवढंच मला सुचलं.

राहिलो आम्ही दोघं आणि बंद गाडी. यांना झोडपायचं म्हणून मी तोंडात सगळं गोळा करून ठेवलेलं. पण हे चाकाशेजारी खाली बसले आणि भर रस्त्यात रडायला लागले. "दिवा बगून पोरगी घाबरंल वाटलं गं मला." मीही शेजारी बसले. बऱ्याच वेळानं फोन वाजला. पोरगी वेळेत आत गेली होती.

संध्याकाळी गाडी ओढून घरी आणली. मी हातपाय धुऊन आत आले, तर हे फळीपुढं उभे, पेल्यावर पेला ठेवत होते. वरचा पेला सारखा पडायचा. हे उचलून परत ठेवायचे.