मारेगावात मी न वाटलेली अक्षत

भुतंखेतं, भानामती, अंगात येणं... मंडळी, या सगळ्यांशी माझं नातं छप्पन सालीच तुटलं. आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, बावानं, म्हणजे माझ्या बापानं, देव्हारा अरुणावती नदीत सोडला, आणि तेव्हापासून मी पिंपळाखाली असा घोरायचो, की झाडावर कोणी राहत असलंच तर त्यानंच बिऱ्हाड हलवलं असेल! तेव्हा पुढचं मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी अजून ठरवतोच आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण वच्छला, आमची वच्छी, यवतमाळच्या दवाखान्यात होती. एक किडनी पार सडलेली. काढली तर जगेल, असं डॉक्टर म्हणाले, पण अंगात रक्तच नव्हतं. "आधी हिच्या गटाचं रक्त देणारा माणूस आणा." गट असा दुर्मिळ, की माझं जुळेना, मायचं जुळेना, बावाचं जुळेना. तिचा नवरा तर सुई पाहूनच आडवा झाला!

रक्त द्यायचं म्हटलं की तेव्हा माणसं पळायची. आर्णीच्या बाजारात मी तोंड उघडलं आणि अख्खा बाजार रिकामा झाला... बरं, निम्मा. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बोकडाचं चालत नाही का रे बापू?"

मग सुचलं. आमच्याकडे दारात अक्षत आली की त्या घरचं कोणीतरी लग्नाला जातंच. न जाणं म्हणजे अपमान. मी तांदूळ हळदीत घोळले.

बावा भडकला. "दीक्षा घेतली ना रे? मंग हे पिवये तांदूय कायले?"

"बावा, तांदुयात देव नाही. पण लोकाइले दुसरं बोलावणं समजतच नाही, त्याले मी काय करू?"

थोड्या वेळानं पाहतो तर बावा खाली सांडलेले दाणे वेचून माझ्या पिशवीत टाकत होता.

सायकलवर आर्णीकडची गावं पिंजून काढली, दारोदार अक्षत देऊन सांगितलं, रक्त द्यायला यवतमाळला या. आणि लोक आले हो! फेटे बांधून आले, एक जण तर सनई घेऊन आला. दवाखान्यात वऱ्हाडच उतरलं. डॉक्टरांनी हसत हसत सगळ्यांचं रक्त तपासलं. एकाचंही जुळलं नाही.

वच्छी पांढरी पडत चालली होती. उशाशी बसून मी तिला सांगायचो, रस्त्यात वाघ आडवा आला तर त्यालाही अक्षत दिली म्हणून. ती ओठातल्या ओठात हसली. "दादा, आता नको फिरू. पाय दुखत असन तुये."

"माये पाय? मी त हवेत चालतो!"

तिनं डोळे मिटले, ते दुसऱ्या दिवशीही उघडेनात.

त्या दुपारी वॉर्डाच्या दारात एक धिप्पाड बाई उभी राहिली. पाय धुळीनं भरलेले. तिनं पदराची गाठ सोडली. पिवळे तांदूळ.

"मी गिरजा. मारेगावून आली. कापूस वेचून राह्यलो होतो, त काल तुमची पोरगी बांधावर आली. म्हणे, माहा दादा थकला, म्हणून मीच निघाली."

मारेगाव म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिकडे मी काय, आमच्यातलं कोणीच गेलं नव्हतं. मी विचारलं, "कशी होती पोरगी?"

तिनं खाटेकडे बोट केलं. "काय भाऊ, मजाक करता काय? हे काय, झोपली ना! माह्या आधी पोचली म्हणा."

तिचं रक्त जुळलं. ऑपरेशन झालं. वच्छी शुद्धीवर आली, तेव्हा गिरजाबाई तिच्या केसांतला गुंता सोडवत होती. वच्छीनं विचारलं, "दादा, ह्या कोण?"

नर्स शपथेवर सांगायची की पेशंट खाटेवरून हललीच नाही. वच्छीला काहीच आठवत नाही. मी उभ्या आयुष्यात हजार गोष्टी मीठमसाला लावून सांगितल्या, त्या लोकांनी मानल्या. ही जशीच्या तशी सांगतो, तर हसतात. उलगडा मलाही झालेला नाही.

एकदा गिरजाबाईला विचारलं, ओळख ना पाळख, तुम्ही आल्या तरी काहून?

ती म्हणाली, "पोरगी उन्हात उभी होती भाऊ. पाणी देल्लं त घेईना. म्हणे, आधी हो म्हणा. मंग मी काय म्हणू?"