सहा पॉइंट सहा

दशांशनं आकडा सांगायची घाई केली, आणि तीही घरच्या माणसाला. तिथंच माशी शिंकली.

वेधशाळेत भूकंपाचे कागद वाचणाऱ्या या गृहस्थाला घरी सगळे दशांशच म्हणत. गडी ताप मोजला तरी टिंबाशिवाय बोलायचा नाही. त्या सकाळी सुई नाचली तसा त्यानं ताईच्या कात्रीनं कागद कापून टेबलावर पसरला. कात्री कापड बेतायची, "आठ दिवसांत परत देतो" म्हणून आणलेली. त्याला वर्ष उलटलं होतं.

साहेब म्हणाले, "थांबा जरा. लांबच्या केंद्रांवरून संथ लाटांचे आकडे येऊ देत."

तेवढ्यात ताईचा फोन. तिच्याच गावाखाली जमीन हादरली होती. ती घरासमोरच्या दुकानातून बोलत होती.

"दशांशा, आत जाऊ का रे? भिंतीला चीर गेलीय. पण उद्या शाळेचे गणवेश द्यायचेत."

"सहा पॉइंट सहा," तो ऐटीत म्हणाला. "मागून येणारा मोठा धक्का साधारण एकानं लहान असतो. म्हणजे पाच पॉइंट सहा. तेवढं सोसेल तुझं घर. जा खुशाल."

"तुझ्या टिंबाच्या भरवशावर जातेय हं!"

चुकलं काय, हे तो दरवर्षी नव्या शिकाऊंना शिकवायचा. सुई किती नाचली यावर भूकंपाचं मोठेपण नसतं. खाली खडक किती लांब-रुंद फाटला, दोन्ही बाजू किती सरकल्या आणि खडक किती ताठर, या तिन्हींच्या गुणाकारावरून खरा आकडा निघतो. त्याच्या यंत्राला कळायच्या फक्त भराभर थरथरणाऱ्या लाटा. फाट शंभर किलोमीटर धावली तरी त्यांची उंची एका ठिकाणी अडते. पुढची गोष्ट संथ लाटा सांगतात. त्यांचे आकडे दुपारी आले. सात पॉइंट सहा. वर दिसायला एकाचा फरक, खाली बत्तीसपट ऊर्जा.

त्यानं दुकानात फोन लावला. कुणी उचलला नाही. मागून येणारा धक्का येऊन गेला होता, अगदी नियमाला धरून एकानं लहान. सहा पॉइंट सहा. त्याचाच आकडा, फक्त दुपारी पोचला.

तुळई ताईच्या उजव्या हातावर पडली. इस्पितळात तो तिला समजावू लागला, "ताई, कापड फाटताना टर्र होतं ना, त्या आवाजावरून फाट किती लांब ते कळत नाही..."

"माहीत होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

खालमानेनं तो चादरीची दशी ओढत बसला.

"माझी कात्री तेवढी आण," ताई म्हणाली. "उजव्या हाताची आहे. आता खिळ्याला टांगेन."

कात्री अजून वेधशाळेतल्या खणात आहे. गावी जाताना तो ती पिशवीत घालतो, आणि निघता निघता परत खणात ठेवतो. ताईनं आणखी एकदा विचारलं होतं. आता विचारत नाही.